हाड जिथून काढलं तिथलं दुखणं, आधी ऑपरेशन नोट मिळवा

ताई, मिस्टरांच्या मणक्याच्या फ्यूजनला (मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन) दोन वर्षं झाली, पायातली कळ गेली, पण ग्राफ्टसाठी, म्हणजे त्या जोडात भरायला, कमरेच्या हाडातून मागून जिथून हाड काढलं तिथे अजून आग होते, पट्टा लावता येत नाही आणि डॉक्टर म्हणतात एमआरआय चांगलाय. हे वाचून राहवलं नाही. माझं एल-४ एल-५ चं (कमरेतला चौथा-पाचवा मणका) फ्यूजन झालं तेव्हापासून डिट्टो हेच. मनाचे खेळ अजिबात नाहीत, आधी त्यांना हे सांगा.

गोळ्या, फिजिओ चालूच असेल, त्यात शिरत नाही. मला सगळ्यात महागात पडलं ते एक कागद हातात नसणं, ऑपरेशन नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय काय केलं ते लिहिलेला कागद. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'फ्यूजन, बोन ग्राफ्ट' एवढंच, कुठून काढलं, कुठल्या बाजूने, काही नाही. मग पुढचा प्रत्येक डॉक्टर मणक्याचाच एमआरआय बघणार, स्क्रू छान बसलेत म्हणणार आणि घरी पाठवणार. ऑपरेशन नोट मागायला रेकॉर्ड रूमला गेलो की आज साहेब नाहीत, फाईल गोडाउनला गेली, डॉक्टरांची सही आणा, आणि डॉक्टर म्हणणार रेकॉर्डवाल्यांना विचारा. तिथल्या लोखंडी बाकावर एका कुल्ल्यावर भार देऊन तासन् तास बसायचं आणि खिडकीतला माणूस मान वर करून बघायचाही नाही. अहो, हक्क आहे तो आपला! मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे, पेशंटने मागितले की ७२ तासांत कागद द्यायचे. पण भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षंच ठेवायचं बंधन आहे, म्हणून तुम्ही थांबू नका. तोंडी विचारत बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शेवटी नोट हातात आली, त्यात उजवीकडून, वेगळी चीर देऊन हाड काढल्याचं लिहिलं होतं. पेन क्लिनिकच्या मॅडमनी ती वाचली आणि हाडाच्या काठावरून बोट दाबत दाबत एका जागी थांबल्या, तिथून कुल्ल्यापर्यंत सरळ झिणझिण्या गेल्या. सुपीरियर क्लुनियल नावाच्या बारीक नसा मणक्याच्या मधल्या रेषेपासून साधारण ७-८ सेंटिमीटरवर त्या काठावरून खाली उतरतात, हाड काढताना त्या दुखावू शकतात आणि मणक्याच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये ते कळत नाही. तिथे भूल देणारं इंजेक्शन दिलं आणि काही तास मी दोन्ही बाजूंवर भार देऊन बसलो. दुखण्याचं मूळ कळलं ते त्यामुळे. नंतर रेडिओफ्रिक्वेन्सी (सुईतून नसेला करंट देऊन दुखणं कमी करायचा उपचार) केली, बराच फरक पडला, पूर्ण नाही गेलं.

मी डॉक्टर नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. हाड पुढून काढलं असेल तर नस वेगळी, मांडीची बाहेरची बाजू बधिर होते. ताप, जखमेतून पाणी, खोकताना तिथे फुगवटा, चालताना अचानक कळ, यातलं काही असेल तर इथे विचारत न बसता सरळ दाखवा. प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी) चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, आणि झापड येत असेल तर गाडी चालवू देऊ नका.

आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी सर्जनना तोंडावर विचारा, हाड कुठून घेणार? मणक्यातलंच काढलेलं हाड बऱ्याचदा वापरता येतं. माझं मत, हे संमतीपत्रावर लिहूनच घ्यावं.

ताई, अर्जात ऑपरेशन नोटसोबत इम्प्लांटचे, म्हणजे बसवलेल्या स्क्रूंचे, स्टिकरही मागा, पुढच्या एमआरआयच्या वेळी विचारतात. मजकूर हवा असेल तर सांगा, माझा टाकतो.