फ्लेमिंगो नक्की कोणाचा नातलग, टिबुकलीचा की कबुतराचा? डीएनए एकच असताना उत्तर बदललं कसं?

तुम्ही विचारलंय की एका जुन्या लेखात फ्लेमिंगो आणि कबुतर जवळचे नातलग असं वाचलं, आता नवीन बातमीत तसं काही नाही म्हणतायत, मग डीएनए तर तोच आहे ना, शास्त्रज्ञ दर दहा वर्षांनी उत्तर का बदलतात आणि आपण विश्वास ठेवायचा कशावर. मी ऐरोलीत राहते, ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते आणि दर हिवाळ्यात मुलांना खाडीवर घेऊन जाते, आणि गेल्या वर्षी अकरावीच्या एका मुलीने बोटीत बसल्या बसल्या अगदी हाच प्रश्न विचारला होता. तिला तेव्हा अर्धवट उत्तर दिलं, मग घरी येऊन सगळं नीट वाचून काढलं, तेच इथे लिहिते.

आधी टिबुकली. आपल्याकडे तलावात तो छोटा तपकिरी पक्षी असतो ना, तुम्ही बघताय तोवर डुबकी मारून गायब होतो आणि भलतीकडेच वर येतो, काही जण पाणडुबी पण म्हणतात, तो फ्लेमिंगोचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातलग आहे. दिसण्यावरून कुणाच्या डोक्यातही येणार नाही. एक उंच, गुलाबी, चिखलात चोच उलटी घालून शेवाळ गाळून खाणारा, दुसरा मुठीएवढा, पाण्याखाली मासे पकडणारा, बोटांवर वेगवेगळ्या पाकळ्या असलेला. जुने लोक फ्लेमिंगोला कधी बगळे-करकोच्यांत बसवायचे, कधी पायाच्या पडद्यावरून बदकांत. २००१ मध्ये डीएनएवरून पहिल्यांदा टिबुकलीचं नाव पुढे आलं, तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. मग २००४ मध्ये गेराल्ड मायर या पक्ष्यांच्या जीवाश्मांच्या अभ्यासकाने शरीररचनेतले पुरावे मांडले, त्यातला एक मला फार आवडतो, दोघांच्याही अंड्यावर खडूसारखा एक थर असतो, कॅल्शियम फॉस्फेटचा. म्हणजे डीएनए बोलल्यावर लोकांनी परत अंडी बघितली आणि गोष्ट तिथे होतीच.

आता कबुतर मध्येच कुठून आलं ते. त्यासाठी नात्यांचं झाड, म्हणजे प्रजातींची वंशावळ, बनवतात कसं ते थोडं सांगावं लागेल. वेगवेगळ्या पक्ष्यांचा डीएनए एकाखाली एक मांडायचा, कुठलं अक्षर कुठे बदललंय ते बघायचं आणि कोणत्या झाडात हे बदल सगळ्यात चांगले बसतात ते शोधायचं. ऐकायला सोपं आहे पण फक्त १० प्रजाती घेतल्या तरी शक्य असलेली झाडं ३,४४,५९,४२५ होतात, त्यामुळे कॉम्प्युटरशिवाय आणि चांगल्या गणिताशिवाय हे काम होतच नाही.

आणि खरी अडचण आकड्यांची नाहीच, खरी अडचण अशी की डीएनएचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळं नातं सांगतात! हे मी वर्गात भाताच्या बियाण्यावरून सांगते. समजा एका घरात भाताच्या दोन जाती पेरतात, थोरला भाऊ आधी वेगळा झाला, जाताना दोन्हीचं बियाणं घेऊन गेला, पुढच्याच वर्षी मधला आणि धाकटा वेगळे झाले, त्यांच्याकडेही दोन्ही. पुढे पिढ्यानपिढ्या प्रत्येकाच्या शेतात एकच जात टिकली, कुठली टिकली तो नशिबाचा भाग. आता थोरल्याकडे आणि धाकट्याकडे एक जात टिकली आणि मधल्याकडे दुसरी, तर फक्त भात बघणारा माणूस म्हणेल की थोरला आणि धाकटा शेवटपर्यंत एकत्र होते. भात खोटं बोलत नाहीये, त्याचा इतिहास खरंच तसा आहे, फक्त घराचा इतिहास वेगळा आहे. दोन वाटण्यांमधलं अंतर जितकं कमी तितका हा घोळ जास्त. आपल्यातही हेच आहे, माणूस आणि चिंपांझी सगळ्यात जवळचे हे पक्कं, तरीही गोरिलाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला तेव्हा साधारण ३० टक्के भागात गोरिला हा माणसाच्या किंवा चिंपांझीच्या जास्त जवळ निघाला. पक्ष्यांमध्ये तर ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर गेल्यानंतर थोड्या काळात भराभर फांद्या फुटल्या, म्हणजे वाटण्यांवर वाटण्या, त्यामुळे तिथे घोळ सगळ्यात मोठा.

म्हणून एका जीनवर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्यावर, भरवसा ठेवत नाहीत, हजारो तुकड्यांना विचारतात. सियावश मिरारब म्हणून एक शास्त्रज्ञ आहेत, आता कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅन दिएगो कॅम्पसमध्ये असतात, त्यांचं अ‍ॅस्ट्रल नावाचं सॉफ्टवेअर हेच करतं. चार-चार प्रजातींचे गट पाडायचे, चार जणांचं नातं फक्त तीन प्रकारे लागू शकतं, मग प्रत्येक तुकडा कोणत्या प्रकाराला मत देतो ते मोजायचं. घोळ फक्त वर सांगितला तसा नशिबाचा असेल तर खरं नातं सगळ्यात जास्त मतं घेतं आणि उरलेली दोन जवळपास सारखी मतं घेतात. ही सारखेपणाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे पूर्ण जीनोम घेऊन एक मोठा अभ्यास आला, मिरारब तेव्हा अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला पीएचडी करत होते आणि त्या टीममध्ये होते. त्यात फ्लेमिंगो-टिबुकलीची जोडी कबुतरांच्या गटाशेजारी बसली, तुम्ही वाचलेला जुना लेख त्याच्यावरचाच असणार. मग १ एप्रिल २०२४ ला दोन पेपर आले. एक कोपनहेगनच्या योसेफिन स्टिलर आणि बऱ्याच जणांचा, ३६३ पक्षी, ६३,४३० तुकडे, त्यात कबुतर वेगळ्या फांदीवर गेलं. दुसरा मिरारब आणि सहकाऱ्यांचा, आणि मला विचाराल तर हा जास्त मोलाचा, कारण तो फक्त नवीन झाड देऊन थांबत नाही, आपलंच जुनं झाड कुठे चुकलं ती जागा शोधून काढतो.

ती जागा आहे कोंबडीच्या ४ नंबरच्या क्रोमोसोमशी (क्रोमोसोम म्हणजे पेशीतली डीएनएची एक लांब गुंडाळी) जुळणारा एक पट्टा, जीनोमच्या जेमतेम दोन टक्के. बाकी सगळीकडे मतं वर सांगितल्यासारखी विभागलेली आणि ह्या एका पट्ट्यात मात्र तुकड्यामागून तुकडा कबुतर-फ्लेमिंगोच म्हणतोय. नुसत्या नशिबाने असं होत नाही. कारण असं की एरवी दर पिढीत आईकडच्या आणि बापाकडच्या क्रोमोसोममध्ये अदलाबदल होते, पत्ते पिसल्यासारखी, म्हणूनच लांब लांबच्या तुकड्यांना वेगवेगळे साक्षीदार मानता येतं. ह्या पट्ट्यात साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाखो वर्षं ती अदलाबदल बंद पडली होती. परत बियाण्यावर येऊ, भात, नाचणी, वरी, तीळ असं शंभर प्रकारचं बी एकाच पोत्यात घालून तोंड शिवून टाकलं आणि ते पोतं अख्खंच्या अख्खं कुणाच्या तरी वाट्याला गेलं, तर आपण शंभर बिया बघून शंभर साक्षीदार मोजणार, पण साक्षीदार एकच, ते पोतं! पोत्याचा इतिहास खरा होता, पक्ष्यांचा नव्हता. तो पट्टा बाजूला काढला की कबुतराशी असलेल्या नात्याचा आधारच विरघळतो.

तर तुमचा शेवटचा प्रश्न, विश्वास कशावर. तुम्ही बघा काय बदललं आणि काय नाही. कबुतराची जागा बदलली, पण टिबुकली २००१ पासून जागची हललेली नाही, वेगळा डेटा, वेगळ्या पद्धती, वेगळे लोक, आणि वर अंड्यावरचा तो थर. ज्या नात्याला असे एकमेकांशी संबंध नसलेले साक्षीदार मिळतात त्यावर मी बिनधास्त विश्वास ठेवते आणि मुलांनाही तसंच शिकवते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या गर्दीतल्या फांद्या अजून थोड्या इकडेतिकडे होतील, ते मी त्यांना आधीच सांगून ठेवते. आणि मिरारब यांच्याबद्दल मला खरंच आदर वाटतो, ज्या निकालावर आपलं नाव आहे तो दहा वर्षांनी स्वतः उघडून बघायचा ह्याला मोठं मन लागतं.

तुम्ही ठाण्या-नवी मुंबईतले असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐरोलीला या, खाडीत लहान आणि मोठा दोन्ही फ्लेमिंगो असतात, निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ मात्र बघून घ्या. आणि परत जाताना एखाद्या शांत तलावाशी दहा मिनिटं थांबा, कडेच्या पाणवनस्पतींजवळ नजर ठेवा, पिल्लांच्या दिवसांत असाल तर टिबुकलीच्या पाठीवर पिसांत बसलेलं पट्ट्यापट्ट्यांच्या डोक्याचं पिल्लू पण दिसेल.