टाकीतली झाडं, शेवाळ आणि लाईट

प्रश्न: दोन फुटी अ‍ॅक्वेरियमची टाकी आहे, सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) नाही, अनुबियास आणि जावा फर्न लावलेत. एलईडी सकाळी लावला की रात्री झोपतानाच बंद करतो. पानांवर हिरवं शेवाळ साचतंय, अनुबियासचा कांडा (पानं-मुळं फुटतात ते आडवं जाड खोड) मऊ पडलाय. लाईट वाढवू का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: नको ओ, उलट सहा-सात तासांवर आणा, टायमर लावला तर उत्तम. ही दोन्ही सावलीतली, सावकाश वाढणारी झाडं, सीओटू नसताना एवढा उजेड त्यांना वापरताच येत नाही, सगळा शेवाळालाच मिळतो. खिडकीतलं ऊन पडत असेल तर टाकी हलवा. कांडा वाळूत पुरलाय का बघा, पुरला की कुजतो, मऊ भाग कापून उरलेला दोऱ्याने दगडाला बांधा. आणि फर्नच्या पानामागे ओळीत तपकिरी ठिपके दिसले तर घाबरू नका, बीजाणू असतात ते, लोक रोग समजून चांगली पानं तोडतात, फार वाईट वाटतं बघून.