46व्या वर्षी सगळंच बदललं. निसर्गाकडून खरंच काही शिकता येतं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेली, मुंबईची भाड्याची जागा सोडून बायकामुलांसह कोकणात गावी यावं लागलं, आणि जो तो तुम्हाला चाळिशीतल्या गरुडाची गोष्ट पाठवतोय. आधी त्या गोष्टीबद्दलच सांगते, कारण ती खोटी आहे आणि माझ्या मते घातकही.

त्या गोष्टीतला गरुड चाळिसाव्या वर्षी डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच तोडतो, नखं आणि पिसं उपटून काढतो आणि पुढे आणखी 30 वर्षं जगतो. असा गरुड जगात कुठेही नाही. चोच तुटलेला पक्षी उपाशी मरतो. चोच आणि नखं आयुष्यभर वाढतच असतात आणि वापरून झिजत असतात. पिसं बदलतात हे खरं, पण थोडी थोडी. एखाददुसरं गळतं, त्या जागी नवं भरतं, मग पुढच्याची पाळी. मोठ्या गरुडाला पंखांतली सगळी पिसं बदलायला वर्षाहून जास्त काळ लागतो आणि तेवढा सगळा काळ तो उडत असतो, शिकार करत असतो. आधीच घायाळ असलेल्या माणसाला 'स्वतःला आणखी फोड' असं सांगायचं आणि ते निसर्गाच्या नावावर खपवायचं, याचा मला मनापासून राग येतो.

सगळी मोठी पिसं एकदम टाकणारा पक्षीही आहे. राखी धनेश. मुंबईत तुम्ही तो पाहिलाही असेल. उन्हाळ्यात त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठेने ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत गेल्यावर तिची पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं एकदमच गळतात. त्या दिवसांत तिला उडता येत नाही. नर वड-उंबराची फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. पिल्लं मोठी होईपर्यंत तिची पिसंही पुन्हा भरतात, मग ढोली फोडून ती बाहेर येते.

तुमचं सगळं एकाच वेळी गळून पडलंय. पगार, शेजार, मुलांची शाळा, रोजची लोकल. अशा वेळी ढोलीही लागते आणि भरवणारं माणूसही लागतं. थोरल्या भावाने घरातल्या दोन खोल्या दिल्या त्याचा संकोच वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. तो संकोच सोडा. माझे यजमान गेले तेव्हा माझी नणंद रोज दोन वेळचं जेवण घेऊन यायची आणि फारसं न बोलता बसायची. मी त्यातूनच उभी राहिले.

आता माझ्या कामातलं सांगते. मी आंब्याच्या कलमांची रोपवाटिका चालवते. पावसाच्या सुरुवातीला कलम पिशवीतून काढून खड्ड्यात लावताना सगळ्यात जपायची ती मुळांभोवतीची हुंडी, म्हणजे मातीचा गोळा. तो फुटला तर बारीक मुळं तुटतात आणि कलम दगावतं. नव्या जागी जाताना थोडी जुनी माती सोबत लागतेच. तुमच्या घरात रविवारी सकाळी जे काही ठरलेलं असेल, नाश्त्याला पोहे म्हणा, जुन्या मित्राला फोन म्हणा, ते गावीही तसंच चालू ठेवा. मुलांसाठी तर नक्कीच.

लावल्यानंतर कलम बराच काळ नुसतं उभं असतं. नवी पालवी नाही, उंची नाही. गिऱ्हाईक घाबरून विचारतं, 'मेलं का हो?' मी सांगते, मुळं धरतंय. या काळात खताचा मारा केला तर कोवळी मुळं जळतात. आधाराला काठी लावतो, पण दोरी सैल ठेवतो, कारण वाऱ्याने थोडं हललं की खोड जाड होतं. कलम बांधताना जोडावर गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टीही जोड पक्का झाल्यावर सोडावीच लागते. राहिली तर तीच खोडाला काचते. भावाचा आधारही असाच घ्या. आज पूर्ण घ्या, आणि कधी सैल करायचा ते दोघं बसून बोलून ठेवा, म्हणजे पुढे कोणाचं मन दुखणार नाही.

आणि मोहोर. कलम लहानपणीच मोहरतं, लोकांना आनंद होतो. आम्ही मात्र पहिली 3-4 वर्षं तो मोहोर काढून टाकायला सांगतो. फळ धरू दिलं तर सगळी ताकद त्यात जाते आणि झाड खुरटतं. हे लोकांना पटवणं फार जड जातं. हातात आलेला मोहोर कोण खुडणार?

म्हणूनच तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ वाचून मला काळजी वाटली. पीएफचे पैसे घालून दोन महिन्यांत होम-स्टे सुरू करा, असं म्हणत नातेवाईक मागे लागलेत ना? माझं ऐकाल तर ते पैसे निदान एक पावसाळा बँकेतच राहू द्या. तोवर घरखर्च गावच्या हिशेबाने बसवा, सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते पाहून घ्या, मे महिन्यात विहिरीला पाणी किती उरतं ते स्वतः बघा. गावात आधीच होम-स्टे चालवणारं कोणी असेल तर त्यांच्याकडे गर्दीच्या दिवसांत जाऊन राबा, मग पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतानाही जा. दोन्ही पाहिल्यावर ते काम तुम्हाला झेपेल की नाही हे नातेवाइकांना विचारावं लागणार नाही.