स्टार बॉक्सरभोवती प्रमोशन कंपनी उभारताना

अमेरिकेत काम करणार असाल, तर आधी 2000 चा मुहम्मद अली कायदा वाचा. दहा किंवा जास्त फेऱ्या लढणाऱ्या बॉक्सरचा प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, त्याच्या मॅनेजमेंटमध्ये आर्थिक हितसंबंध ठेवू शकत नाही. बॉक्सर स्वतःच स्वतःचा मॅनेजर असेल तर चालते. भाऊ किंवा मित्राला दोन्ही खुर्च्यांवर बसवलं, की करार अडचणीत आलाच.

स्टारचा जुना करार सोडवायला रोकड लागते. बॉक्सर फ्लॉइड मेवेदरने 2006 मध्ये आपल्या तेव्हाच्या प्रमोशन कंपनीला, टॉप रँकला, साडेसात लाख डॉलर मोजले होते.

खरी परीक्षा अंडरकार्डची, म्हणजे मुख्य लढतीआधीच्या लढतींची. स्टार वर्षात दोनदाच लढतो, कंपनीचा खर्च मात्र बारा महिने चालतो. म्हणून पहिल्याच कार्डवर चार-सहा फेऱ्यांच्या लढतींत स्वतःशी करारबद्ध तरुण उतरवा. ऐनवेळी प्रतिस्पर्धी गळतात, तेव्हा त्याच वजनाचा, वैद्यकीय कागद पूर्ण असलेला राखीव बॉक्सर आधीच ठरवून ठेवा.

बॉक्सर ऑस्कर डे ला होयाने 2002 मध्ये गोल्डन बॉय ही प्रमोशन कंपनी काढली, 2009 मध्ये निवृत्ती जाहीर केली. पुढे बॉक्सर कॅनेलो अल्वारेझ कंपनीचा कणा झाला. तोही 2020 मध्ये वेगळा झाला. दुसरा स्टार पहिला लढत असतानाच घडवायला घ्या, आणि प्रसारण करार एकाच नावावर बांधू नका.