आईच्या ताटात काय पडतं?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पहिल्या पगारात आईला पैठणी घ्यायचं तुझ्या मनात आहे. जरूर घे. पण आधी आठवडाभर तिच्या पंगतीला जेवायला बस आणि तिच्या ताटात काय पडतं ते बघ. सगळ्यांना गरम पोळ्या वाढून ती बसते, तेव्हा भाजी उरलेली असते चमचाभर. मग शिळी पोळी आणि चहा. वर्षानुवर्षं हेच. त्यात दर महिन्याची पाळी, बाळंतपणं, अंगावर पाजणं. शरीरातला लोहाचा साठा आटत जातो, जिना चढताना धाप लागते, आणि घरचे म्हणतात, आई हल्ली फार चिडचिड करते.

तिचं सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, त्यात हिमोग्लोबिन कळतं) आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घे. "जाऊ या कधीतरी" म्हणालास, तर "मला काय धाड भरलीय!" म्हणून ती उडवून लावेल. लॅबवाल्याला सकाळी घरीच बोलाव. हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात. ते 12 च्या वर असूनही फेरिटिन कमी निघू शकतं. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना रिपोर्ट दाखवूनच, कारण थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषात लोहाची कमतरता नसतानाही हिमोग्लोबिन कमी दिसतं.

खरी गडबड पुढे होते. शौचाला काळं होतं, पोट जड होतं, आणि बायका गोळ्या मध्येच सोडून देतात. काळं होणारच, हे तिला आधीच सांग. पोटाला फार त्रास झाला तर डॉक्टर दिवसाआड घ्यायला सांगू शकतात. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांत आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेव. हिमोग्लोबिन भरलं तरी साठा भरायला साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. पाळीत रक्त फार जात असेल, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा दिसलं, तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ने.

आईच्या त्यागाचे गोडवे गात तो तसाच चालू ठेवायचा, हे मला मुळीच पटत नाही. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा दिवसाचा वेळ निघाला 299 मिनिटं, ते करणाऱ्या पुरुषांचा 97. तू "मदत" करू नकोस, एक काम पुरतं अंगावर घे. बुधवारचा रात्रीचा स्वयंपाक तुझा, म्हणजे मंगळवारी रात्री मटकी भिजत घालण्यापासून ओटा पुसून उरलेलं झाकून ठेवण्यापर्यंत सगळं तुझं. "मीठ कुठंय?" म्हणून तिला हाक मारलीस, की काम पुन्हा तिच्याच डोक्यावर. आणि त्या दिवशी पहिलं ताट तिला वाढ.

तुझ्या फीसाठी तिच्या पाटल्या कुठे तारण पडल्यात का, हेही हळूच विचार. तारणाची पावती मागून घे, मुदत बघ. मुदत टळली तर व्याज चढतं आणि पुढे लिलावाची नोटीस येते.

रिपोर्ट आला की आकडे कळव.