हप्ता ५०० चा, दंड ८८५ चा

या वेळची पत्रं आणि मेसेज जवळजवळ सगळे कॉलेजच्या पोरांचे नाहीतर त्यांच्या आईबापाचे आहेत. दरवर्षी असंच असतंय, जूनमध्ये ॲडमिशन झाली की नवीन खातं, नवीन कार्ड, आणि दोन-तीन महिन्यांनी घरात नवीन भांडण. मी स्वतः तीस वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसले, त्यामुळे ही भांडणं माझ्या ओळखीची. कुणाचं नाव छापलेलं नाही, काळजी करू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही तासगावकडचे, बेदाण्याची शेड आहे. मुलगा सांगलीला विश्रामबागेत रूम करून राहतो, नुकताच १८ पूर्ण झाला. मेस आणि खर्चाला दर महिन्याला साडेतीन हजार टाकतो. या वेळी टाकले आणि त्याच दिवशी ८८५ रुपये कट झाले, मेसवाल्याला द्यायला कमी पडले. पोरगा म्हणतो मी हातच लावला नाही. बँकेत फोन केला तर म्हणतात तुमचं खातं मायनसमध्ये होतं. आम्ही ओव्हरड्राफ्ट कधी मागितलाच नाही, मग बँक परस्पर कर्ज देते का? खोटं कोण बोलतंय?

उत्तर : दादा, कुणीच खोटं बोलत नाही. तुम्ही स्टेटमेंटचा फोटो पाठवला ते बरं केलं, त्यात तीन महिन्यांत तीन ओळी आहेत, २९५, २९५, २९५, आणि तिन्हीपुढे बारीक अक्षरात रिटर्न चार्जेस. २५० रुपये चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४५, झाले २९५. त्याच तीन महिन्यांत दर ५ तारखेला ५०० रुपयांचा एक हप्ता येऊन परत गेलेला दिसतोय. तुमच्या पोरानं मोबाइलवरून एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची योजना, सुरू केलीय. विचारा त्याला, नक्की हो म्हणेल. १८ पूर्ण झाल्या झाल्या रील्स बघून सगळी पोरं हेच करायलेत, आणि खरं सांगू का, जुगाराच्या ॲपपेक्षा हे शंभरपट बरं.

झालं काय, ॲपवर सगळीकडे ओके ओके करत गेला त्यात बँकेला कायमची परवानगी दिली गेली, की दर महिन्याच्या ५ तारखेला ५०० काढून द्या. तुमचे पैसे येतात ८ ला, कधी १० ला, कारण व्यापाऱ्याकडून पेमेंट आल्याशिवाय तुम्ही तरी कुठून टाकणार. म्हणजे ५ ला खात्यात असतात साठ-सत्तर रुपये. हप्ता परत गेला. फंडवाले हप्ता चुकला म्हणून दंड लावत नाहीत, पण बँक लावते, चेक परत गेल्यावर लावते तसाच. खात्यात पैसे नसतील तर ती रक्कम येणे म्हणून मांडून ठेवते, कधी तुमच्यासारखी दोन-तीन महिन्यांची साठते, आणि मग पैसे आले की पहिला घास तिचा. यालाच फोनवरच्या बाई मायनस म्हणाल्या. ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात नसलेले पैसे ठरलेल्या मर्यादेपर्यंत वापरायला मिळणं, त्याला अर्ज लागतो, मंजुरी लागते, व्याज लागतं. पोराला तो कुणी दिलेला नाही. त्याला नुसता दंड झालाय.

आता एक बारकावा. मिनिमम बॅलन्स ठेवला नाही एवढ्याच कारणासाठी दंड लावून बचत खातं मायनसमध्ये न्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. पण तुमचा दंड हप्ता परत गेल्याचा आहे, तो वेगळा. बँकेच्या दरपत्रकात तो छापलेला असेल तर बँक नियमातच आहे, तिथं आवाज चढवून उपयोग नाही.

मग करायचं काय? पोराला घेऊन शाखेत जा, त्यालाच बोलू द्या, तुम्ही मागं उभं रहा. साधा अर्ज, पहिल्यांदाच झालंय, विद्यार्थी आहे, माहिती नव्हती, चार्ज परत मिळावा. मॅनेजरच्या मनात असेल तर एखादा तरी परत मिळतो, मी स्वतः असे अर्ज साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलेत. तिन्ही मिळतील असं मात्र धरून चालू नका. आणि त्याच दिवशी एसआयपीची तारीख ५ ची १५ करून घ्या, नाहीतर बंद करा. बंद करताना ॲप नुसतं डिलीट करून काही होत नाही बरं का, ॲप गेलं तरी परवानगी बँकेत तशीच राहते आणि ५ तारीख उजाडली की हप्ता पुन्हा दारात. आधी एसआयपी रद्द करायची, मग परवानगीही रद्द झाली का ते बँकेत विचारायचं.

आणखी एक सांगते, पटलं तर बघा. ८८५ पूर्ण भरून देऊ नका. निम्मे द्या, निम्मे त्यानं दोन महिन्यांत स्वतःच्या खर्चातून काढू देत. रागावू मात्र नका, पोरगा बचत करायला गेला होता.

आमचे वडील हरभट रोडवरून येता-जाता पासबुक भरून आणायचे, १९१६ साली सुरू झालेल्या सांगली बँकेचं, जी २००७ ला आयसीआयसीआयमध्ये गेली. घरी आले की चहाच्या कपाशेजारी पासबुक उघडून पेन्सिलीनं एकेक आकड्यापुढे टिक करत बसायचे, आणि एखाद्या आकड्याचा मेळ लागला नाही तर जेवायला उठायचे नाहीत, आई ओरडत असायची. आता पासबुक मोबाइलमध्ये आलं आणि टिक करणारं कुणी उरलं नाही. पोराला सांगा, महिन्यातून एकदा रविवारी स्टेटमेंट उघडायचं आणि ज्या ओळीचा अर्थ कळत नाही तिचा फोटो तुम्हाला टाकायचा. पहिल्याच महिन्यात टाकला असता तर २९५ वर भागलं असतं.

प्रश्न : मी मिरजेची, एस.वाय.ला आहे. माझ्या खात्याला २,००० मिनिमम बॅलन्स लागतो. मी दर महिन्याला २५ तारखेनंतर बाबांकडून घेऊन २,००० पूर्ण करते, तरी दंड लागला. असं कसं?

उत्तर : अगं, बँक शेवटच्या दिवशी किती होते ते बघत नाही, रोज रात्रीची शिल्लक धरून महिन्याची सरासरी काढते. तुझंच गणित करू. समज, २५ दिवस खात्यात २०० रुपये म्हणजे ५,०००, पुढचे ५ दिवस २,००० म्हणजे १०,०००. एकूण १५,००० भागिले ३०, सरासरी आली ५००. दीड हजार कमी पडले आणि दंड त्या कमी पडलेल्या रकमेवर. गंमत अशी की ६०,००० रुपये एकच दिवस ठेवून बाकी महिनाभर शून्य ठेवलं तरी सरासरी २,००० च येते, पण आपल्याकडे कुठले ६०,०००.

दंड लावायच्या आधी बँकेनं एसएमएस, ईमेल नाहीतर पत्रानं कळवून एक महिन्याची मुदत द्यायला पाहिजे. बँकेत जुना नंबर असेल तर तो मेसेज कुणाला गेलाय देवाला माहीत, आधी नंबर तपास. आलाच नसेल तर लेखी तक्रार दे, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

पण मी म्हणते एवढा त्रास कशाला, तुला असं खातंच नको. बेसिक बचत खातं माग, त्याला मिनिमम बॅलन्स नसतो, एटीएम कार्ड मिळतं, महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. अट एवढीच की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. स्टेट बँकेनं मिनिमम बॅलन्सचा दंड २०२० मध्येच बंद केला, कॅनरा बँकेनं जून २०२५ पासून. आणि एटीएमवर पैसे आहेत का बघू म्हणून ५०० टाकून बघायची सवय असेल तर सोड, खात्यात नसतील आणि मशीन दुसऱ्या बँकेचं असेल तर नुसतं नाही म्हणायचेही बऱ्याच बँका वीस-पंचवीस रुपये घेतात, वर जीएसटी.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची आहे. वर्गातल्या मुलींची स्वतःची खाती आहेत म्हणून मागं लागलीय. एवढ्या लहान वयात द्यावं का? कर्ज वगैरे करून बसली तर?

उत्तर : द्या की ताई. १० वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू देता येतं, रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय, मर्यादा किती ते प्रत्येक बँक ठरवते. कर्जाची भीती नको. १८ च्या आतल्या मुलाशी केलेला करार १८७२ च्या करार कायद्यापुढे टिकत नाही, आणि मायनरचं खातं मायनसमध्ये जाता कामा नये हेही रिझर्व्ह बँकेनं बजावलंय. कार्ड मात्र लगेच मागू नका, पहिलं वर्ष स्लिप भरून पैसे टाकू दे आणि काढू दे, रांगेत उभं राहू दे. हातखर्च महिन्याचा एकदम देण्यापेक्षा दर रविवारी द्या, या वयात महिना फार लांब असतोय, दहा तारखेलाच भडंग आणि पेनांवर सगळा उडतो.

प्रश्न : जनधन खात्यावर सरकार १०,००० रुपये देतं म्हणे. माझं खातं आहे, वय १९. मोबाइल घ्यायला काढू का?

उत्तर : देत नाही रे बाबा, उसने देतं, आणि तेही सरकार नाही, बँक. हाच तो खराखुरा ओव्हरड्राफ्ट. मर्यादा आधी ५,००० होती, २०१८ ला १०,००० केली. खातं सहा महिने नीट चाललेलं पाहिजे, घरटी एकालाच आणि शक्यतो घरातल्या बाईला, व्याजासकट परत करायचा. घरात आजारपण आलं तर आईला उपयोगी पडेल ते तू मोबाइलमध्ये घालवू नको.

प्रश्न : मी १७ वर्षांचा, इस्लामपूरचा. एक ओळखीचा दादा म्हणतो तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, गेमिंगचे पैसे येतील-जातील, तुला २,००० देतो. माझ्या खात्यात काही नाहीच तर जाणार काय?

उत्तर : खात्यात काही नाही म्हणूनच तुला विचारलंय. ते पैसे बहुतेक कुणाच्या तरी फसवणुकीचे असणार. तक्रार झाली की पहिलं तुझं खातं गोठवतात आणि पोलीस पहिल्यांदा तुझ्या दारात येतात, कारण कागदावर नाव तुझं, दादाचं कुठंच नाही. कार्ड दिलं असशील तर हे वाचून होताच बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून ब्लॉक कर. पैसे येऊन पडले असतील तर खर्चू नको, काढू नको, दादा म्हणेल त्या नंबरला परतही पाठवू नको. घरी आज रात्रीच सांग, बोलणी बसतील, बसू देत. सकाळी वडिलांना घेऊन शाखेत जा, लेखी दे, शिक्का मारलेली पोच घे, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनलाही कळव.