कार्डं लावली, तरी फळं पोखरलेलीच

प्रश्न : ताई, वीस गुंठे टोमॅटो आहे. ट्रायकोकार्डं लावली, तरी फळात अळी निघते. पैसे वाया गेले का?
– एक शेतकरी, कडोली (ता. बेळगाव)

उत्तर : दादा, कार्डं उशिरा लागली असणार. कार्डावर चिकटवलेल्या अंड्यांतून निघणारा ट्रायकोग्रामा हा बारीक कीटक फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाच्या अंड्यातच अंडी घालतो. फळात शिरलेल्या अळीला तो काही करत नाही. म्हणून पहिली फुलं दिसताच सुरुवात करायची. एकरी एक कार्ड, दर आठवड्याला, पाच-सहा वेळा. तुम्हाला दर वेळी अर्धं पुरेल. पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालून टाचा. शेंड्याकडची कोवळी पानं रोज उलटून-पालटून बघा. पतंगाचं अंडं पिवळसर पांढरं असतं. ते काळं पडलेलं दिसलं की समजा, काम झालं.

आणि कळकळीनं सांगते, कार्डं लावून दोन दिवसांत शेजाऱ्याचं बघून जहाल औषध मारू नका. पहिल्यांदा हेच मित्रकीटक मरतात.

आता पोखरलेली फळं तोडून नष्ट करा. बारीक अळ्यांवर एचएएनपीव्ही (अळीला मारणारं विषाणूचं औषध), एकरी १०० एलई (हे या औषधाचं माप), ऊन उतरल्यावर फवारा. उन्हानं हा विषाणू निकामी होतो. पुढच्या हंगामात टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ घ्या. झेंडूचं रोप ४५ दिवसांचं, टोमॅटोचं २५ दिवसांचं, म्हणजे दोन्ही एकदम फुलावर येतात आणि पतंग झेंडूवर अंडी घालतो. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं सुचवलेली ही पद्धत आपल्याकडेही करण्यासारखी आहे.